वार्षिकांक दिल्लीपर्यंत पोचो न पोचो, नावं चुकता कामा नयेत

सोलापूर

प्रिय अंबादास,

आपल्या कॉलेजचा वार्षिकांक यंदा राष्ट्रीय स्पर्धेला पाठवायचा, हे परवाच्या बैठकीत पक्कं झालं. देशभरातल्या अंकांच्या रांगेत आपला अंक पहिल्यांदाच बसणार. संपादक मंडळातली पोरं खुशीत आहेत आणि खरं सांगतो, मीही आहे.

फॉर्म, फी, प्रती हे सगळं होऊन जाईल. माझा जीव गुंतलाय तो अंकात कोण दिसणार यात. अमेरिकेत इयरबुकांचं परीक्षण फार जुनं आहे. तिथली नॅशनल स्कॉलॅस्टिक प्रेस असोसिएशन १९२१ची, कोलंबिया विद्यापीठातली तशीच संस्था १९२५ची. त्या परंपरेत छपाई, मांडणी, फोटो हे तर बघतातच, पण शिकणाऱ्यांपैकी किती जण अंकात आले, यालाही वजन असतं. मला हे फार पटलं. आपल्याकडे पहिला फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा पहिला गठ्ठा, शुभेच्छासंदेश आणि सत्कारांतच संपतो, तुला माहीत आहे. यंदा ते सगळं दोन पानांत बसवायचं मी बैठकीत लावून धरलं आणि प्राचार्यांनी ते मान्यही केलं.

मोकळ्या झालेल्या पानांवर काय आलंय ते ऐक. बी.कॉम.ची एक मुलगी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. विडी कामगार बायकांना २००६ साली मिळालेली ती १०,००० घरं. तिने आईचा फोटो काढलाय. मांडीवर सूप, त्यात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, बोटांत अर्धवट वळलेली विडी, आणि शेजारी मुलीचं अकाउंटन्सीचं पुस्तक उघडं. चेहरा नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सर, आईच म्हणाली, हाताचा काढ." फोटो पूर्ण पानभर घेतलाय. त्याच्यावर एक अक्षरही छापायचं नाही, ओळ समोरच्या पानावर.

गड्ड्याचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेचे, फोटो ढिगाने आले. सात नंदीध्वज कोण सोडणार? पण त्यातले बरेच आपण दर संक्रांतीला पेपरात बघतो तसेच. त्यापेक्षा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला टॉवेलच्या मागावर उभं राहून सकाळी लेक्चरला येणाऱ्या मुलाने स्वतःच लिहिलेलं एक पान मला मोठं वाटतं. भाषा ओबडधोबड आहे, पण हात लावलेला नाही, फक्त शुद्धलेखन तपासलं. १२ जानेवारीच्या पानावर मात्र मी आग्रह धरला. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना १९३१ साली येरवड्यात फाशी झाली, आणि आपल्या गावातल्या पोरांना चार पुतळ्यांचा चौक माहीत असतो, चारही नावं माहीत नसतात. ती नावं ठळक टायपात जातील.

आता तुझ्याकडचं काम. ग्रुप फोटोंखाली 'डावीकडून उभे' म्हणून येणारी नावं. बोल्ली, यन्नम, गाजूल, चिट्याल ही आडनावं हजेरीपटावर एका तऱ्हेने, परीक्षेच्या फॉर्मवर दुसऱ्या तऱ्हेने आणि मुलांच्या तोंडी तिसऱ्याच तऱ्हेने. शेवटी नावांची सूची देतोय. त्यासाठी एक फर्मा वाढतो, म्हणजे खर्च वाढतो, आणि त्यावरून हिशेब बघणाऱ्यांशी माझी बरीच वादावादी झाली. पण ज्या पोराचं नाव आयुष्यात एकदाच छापून येणार, ते चुकीचं छापलं तर त्याने अंक घरी कशाला न्यायचा? पूर्वभागातल्या घरांत तू वाढलास, तेलुगू तुझी घरची. मुलांना विचारून यादी नक्की करायला तुझ्याइतका भरवशाचा माणूस मला दिसत नाही. तेलुगू विभागाची चार पानंही तूच वाच. कन्नड आणि उर्दू विभागांना वाचणारे मिळालेत.

बांधणी दोरा-शिलाईचीच घेतोय. नुसत्या डिंकावरची पानं वर्षभरात सुटतात, आणि हा अंक लोकांनी वीस वर्षांनी कपाटातून काढावा असं मला वाटतं.

शनिवारी पुण्याहून येतोयस ना? प्रुफं घरीच आणून ठेवतो. लाल पेन तुझं तू आण, माझं शाई सोडतंय. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांच्या हातची शेंगा चटणी येताना डब्यात घालून आणच.

तुझा,
दत्ता