चक्कर, पित्त आणि कान

नौपाडा, ठाणे

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

कूस बदलताच खोली गरगरते आणि मिनिटभरात थांबते, एवढे स्वच्छ लिहूनही तू सारा दोष पित्तावर आणि मानेच्या मणक्यांवर टाकलास, हे मला पटले नाही. आपल्या वयात मानेचा एक्स-रे काढला, तर झीज बहुतेकांना दिसतेच. मला ही लक्षणे कानाची वाटतात.

अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो, नलिकेच्या टोकाचा मऊ पडदा वाकतो आणि तिथल्या केसपेशी मेंदूला वर्दी देतात. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटून बहुधा मागच्या नलिकेत शिरतात. मग तू नुसती कूस बदलतोस, पण कण घरंगळून द्रव ढवळतात आणि डोके थांबल्यावरही तो कान ‘फिरतो आहे’ असेच सांगत राहतो.

गेल्या पावसाळ्यात मला हाच त्रास झाला, तेव्हा गोखले रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी माझी मान ४५ अंशांत वळवून मला झटकन मागे निजवले आणि डोके पलंगाच्या काठाखाली लोंबते ठेवले. क्षणभर काहीच झाले नाही. मग छत फिरू लागले. त्या मात्र माझी हिसके देणारी बुबुळेच पाहत होत्या, कारण दोष कोणत्या कानात आहे, ते त्यांवरून कळते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही तपासणी १९५२ साली मांडली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन एपली यांची, १९९२ साली प्रसिद्ध झालेली, युक्ती: खेळण्यातली गोळी चक्रव्यूहातून घरात न्यावी, तसे डोके टप्प्याटप्प्याने वळवून कण पुन्हा पिशवीत सोडायचे. तुझ्या चक्करेवरच्या औषधी गोळ्या गरगर दडपतील, कण हलवणार नाहीत. म्हणून त्या महिनोन्‌महिने घेणे मला मुळीच मान्य नाही.

मात्र बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, एका बाजूची शक्ती गेली किंवा उभेच राहता येईना, तर कानाचा विचार सोडून तडक मोठे रुग्णालय गाठ. ऐकू कमी येऊन तासन्‌तास घेरी येणे, हा आणखी वेगळा आजार.

तपासणीला भरल्या पोटी जाऊ नकोस, ओकारी होते. आणि वहिनींना बरोबर ने. कोणता कान निघाला, ते कळव.

तुझा,
माधव