बियाचा दोडका: शेजारच्या साइटवरच्या मामांना पत्र

मामा,

स. न. वि. वि.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून पत्र लिहायची सवय मोडली आहे, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. चष्म्याचा नंबर काढायला तुम्ही अजून गेला नसणार, म्हणून हे तुमच्या नातीने मोबाइलवर वाचून दाखवावं. ती बीडला नर्सिंग शिकते एवढंच मला माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या कुणाच्या हाती हे पडलं तर पुढे पाठवा, फिरत फिरत पोचेल.

आभार मानायचे राहून गेले, मामा. जूनमध्ये शेजारच्या बांधकामाच्या साइटचा ठेकेदार बदलला आणि एका सकाळी तुमच्या राखणदाराच्या खुर्चीवर दुसराच पोरगा कानात वायर घालून बसलेला दिसला. त्याच्याकडे तुमचा नंबर नव्हता. माझ्याकडेही नव्हता. अडीच महिने जो माणूस रोज भेटला त्याचा नंबर घ्यावा, हे मला सुचलंच नाही.

गच्चीवरची बाग माझी नव्हेच. मी आयुष्यात पाणी घातलं ते तुळशीला, तेही ही माहेरी गेली की. वांगी, मिरच्या, भेंडी, टोमॅटो, मांडवावर दोडका, कठड्याला कारलं, हा सगळा संसार हिचा. महाशिवरात्रीच्या सुमारास हिने बिया टोचल्या आणि मार्चअखेरीस त्याच गच्चीच्या जिन्यावरून घसरली. मांडीचं हाड. ऑपरेशन झालं, पण तीन महिने जिना बंद. बाग माझ्या गळ्यात आली. रोज पडल्या पडल्या एकच प्रश्न: "दोडका धरला का?" आणि मी खोटं सांगायचो, "धरतोय."

खरं म्हणजे सगळं वाळत चाललं होतं. तोवर मी तीन ठिकाणी हात जोडून झालो होतो. घरी येऊन सल्ला देणारे एक गृहस्थ आले. भेटीचे पाचशे घेतले, झाडांपेक्षा मोबाइलकडे जास्त पाहिलं आणि बाराशेची बाटली ठेवून गेले. नर्सरीवाला फोटो बघून म्हणाला, "काका, सगळं उपटून टाका, नवीन सेट लावून देतो." सेट! जणू कपबश्या. आमचा एक पुतण्या बी.एस्सी. ॲग्री आहे. तो म्हणाला, "फोटो टाका." मी अकरा टाकले. दोन निळ्या टिका आल्या आणि विषय संपला.

तुमची गाठ पडली ती एप्रिलात, पारा चाळिशीपार गेलेला असताना. तुमच्या पत्र्याच्या खोलीत उकडतं म्हणून दुपारी तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या कच्च्या स्लॅबच्या सावलीत पडलेले असायचा, हे मला नंतर कळलं. मी भर बाराला नळी धरून उभा होतो आणि वरून आवाज आला, "साहेब, मुळं शिजतील की." पाण्याखाली हात धरला तर चटका बसला. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी, चहा झाला असता त्यात.

संध्याकाळी तुम्ही आलात. चपला जिन्यातच काढल्यात. मी म्हटलं असू द्या, तर म्हणालात, "वावरात काढतोच की." मग भेंडीचं एक पान उलटं केलंत आणि मला जवळ बोलावलंत. पानाच्या पाठीवर धुरकट जाळं आणि त्यात सुईच्या टोकाएवढे तांबडे ठिपके चालत होते. लाल कोळी. ऊन तापलं, हवा कोरडी झाली की त्याचं फावतं, आणि मी इतके दिवस ती बाराशेची बाटली पानाच्या वरच्या अंगाला मारत होतो! तुम्ही हसला नाहीत. कुणीही हसलं असतं.

वांग्यावर पांढरा पिठ्या ढेकूण होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाहीत, मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधत बसलात. "ह्या राखणदार हायेत त्याच्या. त्याच्या अंगचं गोड पाणी चाटतात अन् त्याला सांभाळतात." आधी रांग मोडली, मग जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. एका राखणदाराचं दुसऱ्या राखणदाराबद्दलचं हे मत मी हिला येऊन सांगितलं. पडल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्याने हसली.

दोडक्याचं मात्र मला कोडं होतं. मी सकाळी सातला वर जायचो तेव्हा फुलं मिटलेली, मान टाकलेली. कळ्या येतात आणि वाया जातात, अशी माझी समजूत. तुम्ही म्हणालात, "दिवस मावळताना या." आलो. सहा वाजले होते. डोळ्यांदेखत एक कळी सैल झाली, चुरगळलेल्या पिवळ्या पाकळ्या हळूहळू ताणल्या गेल्या, मग शेजारची, मग तिसरी. दोडका संध्याकाळी फुलतो, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. गुच्छात येतात ती नर फुलं, मागे बोटाएवढा दोडका घेऊन एकटी येते ती मादी. "रातची पाखरं हे काम करतात, पण ह्या सिमिटात पाखरू यावं कुठनं," म्हणत तुम्ही एक नर फूल खुडलंत आणि कुंकू लावावं तसं मादीला टेकवलंत. मी धावत खाली जाऊन हिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "संध्याकाळीच फुलतो तो. तुम्ही सकाळी धरतोय म्हणायचात तेव्हाच मी ओळखलं होतं." म्हणजे महिनाभर माझं खोटं ती निमूट ऐकून घेत होती.

चार दोडके धरले. एकेकावर तुम्ही वर्तमानपत्राची पिशवी चढवलीत, फळमाशीने डंख मारू नये म्हणून. सगळं मार्गी लागतंय म्हणेपर्यंत मे उजाडला आणि उन्हाळा गायबच झाला. वळिवाच्या सरी किती बघितल्या, पण 2025 च्या मे महिन्यासारखा पाऊस नाही बघितला. 26 तारखेला तर मोसमी पाऊसच मुंबई-पुण्यात येऊन थडकला, मिरगाला पंधरवडा बाकी असताना. त्याच्या आधीची एक रात्र मी विसरणार नाही. दीड वाजता बेल वाजली. दारात तुम्ही, डोक्यावर सिमेंटची रिकामी गोणी. "साहेब, मांडव जाईल." दोन म्हाताऱ्यांनी विजांच्या उजेडात मांडव आडवा करून विटांनी दाबला.

सकाळी बघितलं, तर तरीही बरंच गेलं होतं. टोमॅटो मोडून पडले होते, वेलाचा शेंडा तुटला होता, चारातले तीन दोडके गळाले होते. मी दमलो होतो, मामा. हॉस्पिटल, औषधं, रात्रीची जागरणं, त्यात हे. म्हटलं, उपटून टाकू सगळं, पुरे झालं. तुम्ही काही बोलला नाहीत. उरलेल्या एका दोडक्यावरची भिजलेली पिशवी सोलून काढलीत, तो फिरवून फिरवून बघितलात. मग खिशातून गवंडी भिंतीची ओळ धरायला लावतात त्या लाल दोरीचा वीतभर तुकडा काढलात आणि त्याच्या देठाला सैलसर बांधलात. "ह्याला हात नाही लावायचा. बियाचा हाये."

बियाचा. म्हणजे पुढच्या वर्षीचा. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात पुढच्या वर्षाचं नाव कुणी काढलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, बघू. नातेवाईक म्हणायचे, वयाच्या मानाने ठीक आहे. तुम्ही सरळ पुढचा हंगाम गृहीत धरलात आणि त्याला गाठ मारलीत. तुम्ही गेल्यावर मी पाण्याच्या टाकीला टेकून बराच वेळ उभा होतो. का, ते हिलाही सांगितलेलं नाही.

पावसात गोगलगायी निघाल्या तेव्हा तुम्ही गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री पसरून ठेवायला सांगितलंत आणि सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्यात. कुठे शिकलात विचारल्यावर म्हणालात, "बावीस साली सोयाबीन खाल्लं त्यांनी. दुबार पेरलं, तेबी खाल्लं." पुढे काही नाही. 2022 च्या पावसाळ्यात बीड-लातूरकडे गोगलगायींनी शेतंच्या शेतं फस्त केली, ते मी पेपरात वाचून पान उलटलं होतं. त्यातल्याच एका शेताचा मालक माझ्या शेजारी खुर्ची टाकून दुसऱ्याच्या विटा राखत होता.

पैसे देऊ केले तर तुम्ही कानाला हात लावलात आणि भाकरीबरोबर खायला दोन मिरच्या तोडून नेल्यात. तेवढीच तुमची फी. ज्यांचा व्यवसाय शहाणपण विकायचा त्यांनी बाटली विकली, आणि ज्याचं स्वतःचं पीक गेलं त्याने फुकट शिकवलं, वर मला मूर्ख वाटू न देता. अशी माणसं गावोगाव असतात म्हणतात. असतीलही. माझ्या वाट्याला सदुसष्ट वर्षांत दोन-तीनच आली.

जूनच्या शेवटी ही काठी टेकत, अठरा पायऱ्या अर्ध्या तासात चढून गच्चीवर आली. वांगी, मिरच्या बघितल्या, काही बोलली नाही. दोडक्याच्या दोरीशी थांबली. "हे तुमचं काम नाही."

"कशावरून?"

"तुम्ही केव्हाच भाजी करायला लावली असतीत." मग म्हणाली, "त्यांना जेवायला बोलवा." तोवर तुमच्या खुर्चीवर तो पोरगा बसला होता.

दोडका आषाढात काढला. पावसात वेलावर कुजेल म्हणून हिने स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला. वाळून खडखडीत झाला, जाता-येता धक्का लागला की खुळखुळायचा. परवा टोक मोडून ताटलीत उपडा केला. काळ्याभोर टपोऱ्या बिया, मी मोजल्या, चौसष्ट. हलक्या निघाल्या त्या फेकल्या आणि उरलेल्यांतल्या अर्ध्या हिने कागदाच्या पुडीत बांधल्या, तुमच्याच लाल दोरीने. पेन घेऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "सांगा, काय नाव लिहू मामांचं?"

मला सांगता आलं नाही, मामा. पुडी फळीवर तशीच आहे. नाव आणि पत्ता कळवा.

तुमचा,
शेजारच्या गच्चीवरचा साहेब