दोन दिवसांत दहा ठिकाणं कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की तुमच्या पेपरच्या शनिवारच्या पुरवणीत (आणि तुमच्याच कशाला, सगळ्याच पेपरात) पावसाळी विकेंडला कुठे जायचं यावर पानभर मजकूर येतो, वर धबधब्याचा मोठा फोटो आणि खाली आठ-दहा ठिकाणांची यादी. हे पत्र त्या यादीबद्दल आहे. यादी चुकीची असते असं नाही, पण ती वाचून माणूस शनिवारी सकाळी नऊला घर सोडतो, दोन दिवसांत चार ठिकाणं करायची असं ठरवतो आणि मग पूर्ण विकेंड गाडीत काढून रविवारी रात्री अकराला दमून घरी येतो. सोमवारी ऑफिसात विचारलं कसं झालं तर पहिलं वाक्य ट्रॅफिकचं. मला मनापासून वाटतं की डोंगरात निवांत जाणं हे अजूनही सहज जमतं, फक्त प्लॅन करायची पद्धत बदलायला हवी आणि त्यात तुमच्यासारख्या पेपरची खूप मदत होऊ शकते.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोन दिवस असतील तर एकच गाव निवडा. एकच. तिथे मुक्काम करा, आणि गाडी जितकी कमी चालवता येईल तितकी कमी चालवा.

उदाहरण म्हणून भंडारदरा घेते कारण आमच्या घरचं ते आवडतं ठिकाण आहे आणि तो भाग मला माहीत आहे. पुण्याहून रस्त्यानुसार पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, नारायणगाव आळेफाटा संगमनेर अकोले राजूर करत धरणाजवळच्या शेंडी गावाला पोचायचं, किंवा बोट्यावरून आत वळून कोतूळमार्गे राजूरला निघायचं. मुंबईकरांना कसारा घाट चढून इगतपुरी घोटीवरून आत यावं लागतं, आणि ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून त्यांना घाटाला दुसरा पर्यायही मिळालाय. पुणेकरांची खरी परीक्षा चाकण. एमआयडीसीच्या शिफ्टा, कंटेनर, आणि त्यात शनिवारची पिकनिकची गर्दी, त्यामुळे साडेपाचला घर सोडून उजाडताना चाकण मागे टाकलं की निम्मं टेन्शन तिथेच संपतं, मग नारायणगावला मिसळ खायला आरामात थांबा. शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर निघायची जी पद्धत पडली आहे ती मला अजिबात पटत नाही, दिवसभर काम करून थकलेला माणूस रात्री बाराला पावसात अनोळखी घाटरस्त्यावर गाडी चालवतो आणि मागे पोरं झोपलेली असतात, हे एक सकाळ वाचवण्यासाठी का करायचं?

तर शेंडीला पोचलात, बॅगा टाकल्या, जेवलात. आता लगेच "साइट्स" करायला निघायचं नाही. धरणाच्या बाजूने पायी फिरून या. हे विल्सन धरण ब्रिटिशांनी १९१० ला बांधायला घेतलं आणि १९२६ ला पूर्ण केलं, प्रवरेवरचं दगडी धरण, शंभर वर्षं झाली तरी खाली पार संगमनेर श्रीरामपूरच्या उसाला त्याचंच पाणी जातं. मुलांना हे उभं राहून दाखवा, समजावून सांगा, त्यांना खूप आवडतं, आमच्या मुलांनी तर प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलाशयाला वळसा घालणारा रस्ता घ्यावा. शेंडीहून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. यादीवाले लोक हा वळसा धावतपळत करतात आणि मध्ये सांदण दरी पण घुसवतात. पावसाळ्यात सांदणमध्ये उतरायचंच नाही, ती अरुंद घळ आहे, वर कुठेतरी पाऊस पडला की पाणी एकदम येतं आणि पळायला जागा नसते. त्यापेक्षा रतनवाडीला अर्धा दिवस द्या. अमृतेश्वराचं मंदिर बघायला नुसता दर्शनाचा वेळ पुरत नाही, दगडावरचं कोरीवकाम एकेक भिंत बघत फिरायचं, बाजूची पुष्करणी बघायची, आणि समोर रतनगड ढगात असतो तो अधूनमधून उघडतो तेव्हा वरचं नेढं (खडकातलं आरपार भोक) दिसतं का बघायचं. प्रवरा इथूनच, या रतनगडाच्या अंगावरून निघते. माझ्या आईला गुडघ्यांमुळे चढता येत नाही, ती देवळाच्या ओट्यावर बसून गावातल्या एका आजींशी दोन तास गप्पा मारत होती, भारंगीची भाजी कशी करायची, कुर्डू कधी खुडायचा, हेच सगळं, आणि तिच्या मते आमच्या सगळ्या ट्रिपांमधली ती सगळ्यात चांगली होती. यादीतली चार ठिकाणं केली असती तर हे झालं नसतं.

कळसूबाईचं पण सांगते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे प्रत्येकाला जायचं असतं आणि जावंच, पण भर पावसात रविवारी नको. लोखंडी शिड्या ओल्या, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच शिडीवर, खाली बारी गावात गाड्या लावायला जागा नाही. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये मधल्या वारी जा, सोनकी फुललेली असते, हवा स्वच्छ असते, अलंग मदन कुलंग हे किल्ले समोर दिसतात. नवरात्रात वर देवीसाठी गावोगावची माणसं येतात, तेव्हा जाणार असाल तर भाविकांना आधी वाट द्यावी एवढीच विनंती.

जेवणाचं आधी ठरवावं लागतं. घरगुती जेवण देणारी घरं आता बरीच झाली आहेत पण ती हॉटेलं नाहीत, आदल्या दिवशी फोन करून किती माणसं आणि काय हवं ते सांगावं लागतं, मग तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, रानभाजी असं ताजं मिळतं. ऐनवेळी बारा जण जाऊन पनीर मागितलं तर त्या बाईंची किती धावपळ होते ते मी पाहिलंय. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज जाते येते, फोनवरून पैसे गेले की नाही यावरून उगाच वाद होतात. पेट्रोल वाटेत मोठ्या गावातच टाकी फुल करून घ्या. येताना राजूरचे पेढे घ्या. आणि अकोले तालुक्यातला स्थानिक तांदूळ मिळाला तर तोही घ्या, याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं म्हणून त्यांना २०२० ला पद्मश्री जाहीर झाली, त्या मातीतलं काहीतरी विकत घेऊन आलो तर गावात चार पैसे राहतात, नाहीतर आपण सगळा खाऊ शहरातून नेतो आणि गावात फक्त रिकामी पाकिटं सोडून येतो.

जुलैमध्ये तिकडे भाताची आवणी चालू असते. चिखलात वाकून सबंध घर राबत असतं आणि आपले लोक फोटोसाठी त्याच खाचराच्या बांधावरून चालत जातात, बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, त्या घराला ते परत करावं लागतं. मालकाला विचारा, बहुतेकदा ते हो म्हणतात आणि कुठून चालायचं ते पण दाखवतात. पावसाच्या आधी काजव्यांच्या दिवसांत जाणाऱ्यांनी तर गाडीचे दिवे आणि गाणी दोन्ही बंद ठेवायला हवीत, काजवे उजेडाच्या भाषेतच एकमेकांना शोधतात, आपण हेडलाइट मारला की त्यांचं ते काम थांबतं. हे कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून, म्हणजे आपण कुणाच्या तरी घरात गेलेलो असतो.

एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. खूप कुटुंबं आता ड्रायव्हर घेऊन जातात. बुकिंग करताना खोल्या किती, गरम पाणी आहे का, सगळं विचारतात पण ड्रायव्हरदादा कुठे झोपणार हे विचारत नाहीत. तो माणूस रात्रभर सीट मागे करून डासांत पडतो, आणि सकाळी आपण त्याच्याच हातात सगळं घर देऊन घाट उतरतो. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, झोपायची आणि जेवायची सोय आहे का, नसेल तर दुसरं ठिकाण बघा किंवा एक खोली जास्त घ्या. मालकांनाही सवय लागेल. आणि त्यांना दुपारी पण विश्रांती हवी, आपण एका ठिकाणी राहिलो तर ती आपोआप मिळते.

स्वतः चालवणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, कारण दर विकेंडला घाटात हे दिसतं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचं. ज्या गिअरमध्ये चढतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडायची नाही, सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा लागत नाही. धुक्यात लो बीम. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवणं बंद करा, मागच्याला कळतच नाही तुम्ही उभे आहात की वळताय. आणि वळणावर धबधबा दिसला म्हणून तिथेच थांबायचं नाही. निघायच्या आधी वायपर, टायर आणि स्टेपनीतली हवा बघून घ्या, तेवढं पुरतं.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या वजनाने कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार होते. दोन्ही ठिकाणं अशी की जिथे सगळं शहर एकाच दुपारी जातं. जिल्हाधिकारी दरवर्षी बंदीचे आदेश काढतात, त्यांची बातमी तुम्ही आतल्या पानावर छापता, आणि त्याच आठवड्याच्या पुरवणीत तीच ठिकाणं रंगीत फोटोसकट असतात. मी हे दोष द्यायला लिहीत नाहीये, पण वाचणारं घर एकच असतं आणि ते फोटो बघून निघतं, आतली बातमी त्याने वाचलेलीच नसते.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती अशी आहे की पावसाळाभर दर शुक्रवारी पहिल्या पानावर एक छोटी चौकट द्या. कुठला घाट बंद, कुठे एकेरी वाहतूक, कुठे दरड (वरंधा घाट पावसाळ्यात बरेचदा बंद असतो, माळशेजला दरडी येतात, लोक तिथवर जाऊन मग माघारी फिरतात), कुठे बंदी आदेश आणि कधीपर्यंत. आणि पुरवणीत दहा ठिकाणांऐवजी एका वेळी एकच गाव घ्या, सविस्तर, तिथे एसटी किती वाजता जाते, दवाखाना कुठे, आजी-आजोबांना काय झेपेल, गावात काय पिकतं, पाण्यात कुठे उतरू नये. दर आठवड्याला वेगळं गाव घेतलं तर गर्दी आपोआप पांगेल. अकोले, जुन्नर, भोर, राजगड (आधीचा वेल्हे), पाटण, जावळी, नुसती तालुक्यांची नावं घेतली तरी दोन पावसाळे पुरतील एवढी गावं निघतील, आणि लिहायला तुमचे तालुक्याचे वार्ताहर आहेतच, त्यांच्याइतकं ते कुणालाच माहीत नाही. सुरुवात या महिन्यापासून करता आली तर फार बरं होईल, कारण जुलैचे विकेंड सगळ्यात जास्त गर्दीचे असतात.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे