माशाच्या डोळ्यातला निळा उजेड

प्रिय सुध्या,

तू विचारलंस सध्या काय चाललंय, तर डोक्यात फक्त माशांच्या डोळ्यातलं भिंग आहे. एकदम गोल मणी, काचेसारखा आरपार, आणि आत क्रिस्टॅलिन नावाची प्रोटीन्स नुसती ठासून भरलेली. यूव्ही दिव्याखाली धरलं की निळसर चमकतं, आणि मला ते चमकणारं काय आहे तेच वेगळं काढायचंय!

आता प्रोटीन स्वतःही चमकतं रे, त्यातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लामुळे, पण तो उजेड साधारण ३३०-३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. दिसतो तो ४४०च्या आसपासचा, तो दुसऱ्याच रेणूंचा. काही सुटे असतात, काही प्रोटीनला पक्के चिकटलेले. सुट्यांचं सोपंय, भिंग थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी डायलिसिसच्या, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पिशवीत भरून बफरमध्ये ठेवायचं, लहान सुटे रेणू आपोआप बाहेर येतात, मोठं प्रोटीन आत राहतं. पिशवीत उरलेलं प्रोटीन तरीही चमकत असेल तर खरी मजा तिथे आहे.

ते चिकटलेलं सोडवायला नेहमीसारखं ॲसिडमध्ये उकळून चालत नाही, कारण त्यात ट्रिप्टोफॅन आणि त्यापासून बनलेले रेणू मोडतात, म्हणून एन्झाइमने हळूहळू तोडायचं आणि मग एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगवेगळे करणारं यंत्र) चमक मोजणारा फ्लोरोसन्स डिटेक्टर लावून आलेखावरच्या एकेका शिखराचा रेणू वेगळा गोळा करायचा. आणि सगळं थंडीत, अंधारात, जमलं तर नायट्रोजनखाली. हायड्रॉक्सीकायन्युरेनिनसारखे, ट्रिप्टोफॅनपासून बनलेले रेणू हवेत ऑक्सिडाइज होतात, मग जे हाती येतं ते माशाचं की आपल्या टेबलावर तयार झालेलं, कसं सांगणार?

मला मनापासून वाटतं की अख्खं भिंग एकत्र वाटूच नये. भिंगाच्या आतल्या पेशी केंद्रक टाकून देतात, तिथलं प्रोटीन पुन्हा कधी बदललं जात नाही, म्हणजे गाभा मासा जन्मायच्या आधीचा आणि बाहेरचे थर नवे. २०१६ मध्ये ग्रीनलँड शार्कचं वय याच गाभ्यातल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काढलं, सगळ्यात मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली, विचार कर! एवढा काळ तेच प्रोटीन तिथे बसून, त्याला काय काय चिकटलं असेल. म्हणून मी थर सोलून गाभा आणि बाहेरचा भाग वेगळा चालवतोय, वेळ दुप्पट जातो पण जाऊ दे.

तुझ्याकडे एकाच जातीचे लहान-मोठे ताजे मासे मिळतील का ते बघ ना, डोळे लगेच बर्फात ठेवून कळव, मी येतो घ्यायला.

तुझा,
विन्या