गेटवेवरच्या फोटोवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं उघड पत्र. गळ्यात कॅमेरा, खांद्याच्या पिशवीत छोटा प्रिंटर आणि हातात नमुन्याचे फोटो घेऊन गेटवेसमोर पुष्कळ जण उभे असतात. पण गेल्या रविवारी दुपारी तुम्ही मोरपंखी साडीतल्या देवरुखच्या बाईंचा फोटो काढलात, एवढं म्हटलं की तुम्हाला आठवेल. मी त्यांची मुलगी.

मागच्या वर्षी आईच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला लकवा मारला. डोळा आता मिटतो, पण ओठाचा कोपरा काही वर आला नाही. तेव्हापासून ती फोटोत नसते. लग्न असो, बारसं असो, ग्रुप फोटोची हाक आली की तिला नेमकं स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवतं. आणि ओढून आणणारेही असे, की "मावशी, हसा की जरा!" अहो, तेच तर होत नाही.

मध्यंतरी कसल्याशा फॉर्मसाठी तिला आमच्याकडच्या एका स्टुडिओत नेलं. तिथला माणूस सारखा "तोंड सरळ करा" म्हणत होता. शेवटी त्याने कॉम्प्युटरवर तिचा चांगला अर्धा चेहरा उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवला. वर गोरा रंग फुकट. आईने फोटो हातात घेतला, "ही कोण गं?" म्हणाली, आणि घरी येईपर्यंत गप्प.

म्हणून तुम्ही "एका मिनिटात फोटो, मॅडम" म्हणत आलात तेव्हा मी हातानेच नको म्हटलं. तेवढ्यात तुमचं लक्ष आईकडे गेलं. तुम्हाला तिचा ओठ दिसला, हे मला दिसलं. तुम्ही "स्माईल" म्हणाला नाहीत. कॅमेरा खाली घेऊन विचारलंत, "मावशी, गाव कुठलं?"

"देवरुख."

"म्हणजे मार्लेश्वरच्या जवळ?"

झालं! मार्लेश्वर म्हटल्यावर आईला थांबवणं कुणाला जमलंय? संक्रांतीला देवाचं लग्न लागतं, नवरी साखरप्याची गिरिजादेवी, तिची पालखी येते... हातवारे करत ती सांगत सुटली, आणि तुम्ही "हो का? मग?" करत त्या तापलेल्या फरशीवर उकिडवे बसलात. आई बुटकी आहे, सगळे तिचा फोटो वरून काढतात. तिच्या डोळ्यांच्या पातळीला खाली आलेले पहिले तुम्हीच. बटण कधी दाबलंत, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

मग तो कागद प्रिंटरमधून आत-बाहेर करायला लागला. आधी नुसताच पिवळा. आई ओरडली, "अगं, हळद लागली!" पुढच्या फेरीला गुलाबी, मग निळा, शेवटी चकचकीत थर. शेजारचं अनोळखी कुटुंबही वाकून बघत होतं. त्यातल्या एका बाईंनी आईचा हात धरून सांगितलं, "बहोत अच्छा आया है, माँजी."

खरंच चांगला आलाय. ओठ वाकडाच आहे, तो तुम्ही लपवला नाहीत. पण बघणारा आधी तिचे डोळेच बघतो. पंचम जॉर्ज 1911 साली आला त्याची आठवण म्हणून बांधलेली, 1924 साली पुरी झालेली ती एवढी मोठी कमान तुम्ही निम्मी कापून टाकलीत, आई नीट मावावी म्हणून!

प्रत्येकाच्या हातात मोबाईल आल्यापासून तुमच्या धंद्याचं काय झालं असेल, ते वेगळं विचारायला नको. दिवसभर "नको, नको" ऐकूनही समोरच्या माणसाला गाव विचारावंसं वाटतं, याला मी माणुसकी म्हणते. एसीत बसून "तोंड सरळ करा" म्हणणाऱ्यांनी कधीतरी तुमच्याशेजारी उभं राहून बघावं.

एक विनंती. तो फोटो कॅमेऱ्यात अजून असेल तर पुसू नका. आईला तिच्या दोन्ही बहिणींना पाठवायचाय, तेव्हा आम्ही येतोच आहोत. जरा वेळ हाताशी ठेवा. लग्न लागायचं राहिलंय, आणि ते पूर्ण सांगितल्याशिवाय ती तुम्हाला सोडणार नाही.

तुमची,
देवरुखच्या मावशींची मुलगी