अर्धा गुण आणि पाच क्रोनांची नोट

टॅलिन, एस्टोनिया
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आईने पाठवलेला डबा पोचला. शेंगाचटणी आणि कुंदा दोन्ही नीट आले. इथे बाहेर बर्फ असला तरी घरात चांगली ऊब असते, तेव्हा आईला म्हणावं काळजी करू नको.

परवा दादाशी बोलणं झालं. सोन्या कोल्हापूरच्या स्पर्धेत अर्ध्या गुणाने दुसरा आला आणि घरी आल्या आल्या त्याने पट माळ्यावर टाकला, असं तो म्हणाला. वर म्हणतो, ‘बरं झालं की, आता दहावीचा अभ्यास तरी होईल.’ मला ते ऐकून चैन पडेना. आपल्या घरात बुद्धिबळाच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा, म्हणून हे तुम्हाला लिहितेय. फोनवर हे बोलून होणार नाही. सोन्याला जवळ बसवा आणि वाचून दाखवा. तो उठून जाऊ लागला तर हात धरून बसवा.

सोबत एक जुनी नोट घातली आहे, पाच क्रोनांची. २०११ साली इथे युरो आला आणि क्रोन बंद झाला. ही मला जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाली. तिच्यावर चित्र आहे ते राजाचं नाही, पुढाऱ्याचं नाही. बुद्धिबळपटूचं आहे. पॉल केरेस. सोन्याला आधी एवढंच सांगा, की हा माणूस कधीही जगज्जेता झाला नाही.

आता नोट उलटी करा. मधून नदी, आणि दोन काठांवर समोरासमोर दोन किल्ले. एक नार्वाचा, दुसरा इवानगोरोदचा. ही नदी म्हणजे आज एस्टोनिया आणि रशियाची हद्द. केरेस जन्मला तो नार्वात, ७ जानेवारी १९१६ ला, तेव्हा तिथे झारचं राज्य होतं. तो शाळेत गेला स्वतंत्र एस्टोनियात. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली, १९४१ मध्ये जर्मन आले, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. आपले आजोबा मुंबई इलाख्यात जन्मले, मुंबई राज्यात नोकरी केली, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ ला कर्नाटकात, आणि एवढ्या सगळ्यात त्यांनी खानापुरातली गल्लीसुद्धा बदलली नाही. म्हणून केरेसचं आयुष्य आपल्याकडच्या माणसाला फार समजावून सांगावं लागणार नाही असं मला वाटतं.

तो वाढला पार्नूमध्ये. समुद्रकाठचं लहानसं गाव. वडील आणि थोरला भाऊ हाराल्ड यांच्याबरोबर खेळत शिकला. हा भाऊ पुढे नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ झाला. ‘खानापुरात माझ्या तोडीचं कोण नाही, मी खेळू कुणाबरोबर?’ ही सोन्याची तक्रार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकली आहे. पार्नूतही कोणी नव्हतं. पुस्तकंही मिळत नव्हती. वर्तमानपत्रात बुद्धिबळाची कोडी यायची, त्यावरून हा पोरगा चाली लिहायची पद्धत शिकला आणि मिळेल तिथून डाव उतरवून घेऊ लागला. हाताने लिहिलेला जवळजवळ हजार डावांचा संग्रह त्याच्याकडे जमला होता. अण्णा, हजार डाव. नुसतं लिहून काढायलाच किती संध्याकाळी लागल्या असतील. आणि लिहिताना प्रत्येक चाल हाताखालून गेलेली. सोन्या मोबाईलवर बोट सरकवत दिवसाला पन्नास डाव बघतो, त्यातला एक तरी त्याला दुसऱ्या दिवशी आठवतो का, विचारा.

मग त्याने टपालाने खेळायला सुरुवात केली. एका कार्डावर आपली चाल लिहायची, पेटीत टाकायची, उत्तराची वाट बघायची. एका वेळी दीडशेच्या आसपास डाव चालू असायचे म्हणतात. घरी पोस्टमन आला की वेगवेगळ्या देशांतून आलेल्या चाली. या टपालाच्या डावांत तो मुद्दाम धोक्याच्या सुरुवाती करायचा, प्यादी देऊन टाकायचा, पट पेटवून द्यायचा. हरलं तरी चालेल, पण ही वाट कुठे जाते ते बघायचंच. पुढे ज्या हल्ल्यांसाठी तो जगभर ओळखला गेला ते असे कार्डांवर तयार झाले. मला त्याच्या सगळ्या आयुष्यात हाच भाग जास्त आवडतो, जिंकलेल्या स्पर्धांपेक्षाही.

१९३५ साली वॉर्साच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, एस्टोनियाच्या पहिल्या पटावर बसला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये मार्गेटला त्याने माजी जगज्जेत्या अलेखिनला हरवलं. तो डाव इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. टॅलिनच्या जुन्या शहरात व्हेने रस्त्यावर २९ नंबरला केरेसच्या नावाचं बुद्धिबळ घर आहे, तिथे मी अधूनमधून जाते. एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला एस्टोनियन जेमतेम. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी काही न बोलता चालू असलेला डाव मोडला आणि मार्गेटची शेवटची स्थिती मांडली. पांढरा वजीर उचलला, डी-७ वर शह देत ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. काळ्याने हत्तीने वजीर मारला, तर पांढरा हत्ती आठव्या पट्टीवर उतरून शह देतो. काळ्याला हत्ती आडवा घालण्यावाचून दुसरी चालच उरत नाही, पांढरा हत्ती तोही मारतो आणि मात. अलेखिनने वजीर मारलाच नाही, डाव सोडला. केरेस तेव्हा एकवीस वर्षांचा होता. तुम्ही हा डाव पहिल्यापासून लावा, सोन्या माळ्यावरून पट काढून आपोआप येईल.

१९३८ साली हॉलंडमध्ये ॲव्हरो स्पर्धा झाली. अलेखिन, कापाब्लांका, यूवे, बोटविनिक, रेशेव्हस्की, फाईन, फ्लोर आणि केरेस. त्या काळातले जगातले आठ सर्वांत तगडे, प्रत्येकाशी दोनदा. केरेस एकही डाव हरला नाही. फाईन आणि तो चौदापैकी साडेआठ गुणांवर बरोबरीत आले, आपसातल्या डावांत केरेस सरस म्हणून तो पहिला. आता जगज्जेत्या अलेखिनशी सामना त्याचा, असं सगळेच धरून चालले होते. पण पुढच्या वर्षी ब्युनोस आयर्सचं ऑलिंपियाड चालू असतानाच युरोपात युद्ध पेटलं. चिमुकल्या एस्टोनियाने तिथे तिसरा क्रमांक मिळवला. बरेच युरोपीय खेळाडू परत न जाता अर्जेंटिनातच राहिले. केरेस घरी आला. यूवेला सामन्यात साडेसात-साडेसहा असं हरवलं सुद्धा. पण अलेखिनशी सामना झालाच नाही, आणि १९४६ मध्ये अलेखिन वारला.

युद्धाच्या काळात जर्मनांच्या ताब्यातल्या भागात तो स्पर्धा खेळला. सोव्हिएत परत आल्यावर त्याच्याकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. खेळणाऱ्या माणसाने खेळायचं कुठे, हद्द रोज बदलत असताना? १९४८ मध्ये जगज्जेता ठरवायला हेग आणि मॉस्कोत पाच जणांची स्पर्धा झाली, त्यात बोटविनिकविरुद्धचे पहिले चारही डाव केरेस हरला आणि पाचवा जिंकला. त्याच्यावर दडपण होतं का, यावर लोक आजही भांडतात. पुरावा कुणाकडे नाही. मला त्या वादात पडावंसं वाटत नाही. त्याने त्याबद्दल तोंड उघडलं नसेल तर आपण त्याच्या वतीने कशाला बोलायचं?

खरं सांगायचं ते पुढचं आहे. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या उमेदवारांच्या स्पर्धेत तो १९५३ मध्ये झुरिचला दुसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत, १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमला दुसरा, १९५९ मध्ये युगोस्लाव्हियात दुसरा. १९५९ ला त्याने पहिल्या आलेल्या टालला आपसातल्या चार डावांत तीन-एक असं हरवलं होतं, तरीही टाल दीड गुणाने पुढे. आणि १९६२ मध्ये कुरासाव. वेस्ट इंडीजजवळचं बेट, दोन महिने चाललेली स्पर्धा. शेवटच्या आदल्या फेरीत तो पाल बेन्कोकडून हरला. अखेरीस पेट्रोस्यान साडेसतरा, केरेस आणि गेलर सतरा. अर्धा गुण, अण्णा. सोन्याला हे दोनदा वाचून दाखवा. पेट्रोस्यान पुढच्या वर्षी जगज्जेता झाला. केरेस तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा.

लोक त्याला कायमचा दुसरा म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. लागोपाठ चार वेळा त्या दारापर्यंत जाणारा माणूस जगात दुसरा कोण होता ते दाखवा. कापाब्लांकापासून फिशरपर्यंत नऊ जगज्जेत्यांना त्याने पटावर हरवलं. सोव्हिएत संघाचं विजेतेपद, जिथे टाल-बोटविनिकसारखे खेळाडू गल्लीत भेटावेत तसे भेटायचे, ते त्याने १९४७, १९५० आणि १९५१ असं तीनदा जिंकलं. १९५२ ते १९६४ सलग सात ऑलिंपियाडची सुवर्णपदकं संघाबरोबर. १९५४ ला ॲमस्टरडॅममध्ये चौदापैकी साडेतेरा गुण. १९५० मध्ये जागतिक संघटनेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले, त्या सत्तावीस जणांत तो होता. आणि सोन्या सिसिलियन बचावाविरुद्ध सहाव्या चालीला घोड्याकडचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो ना, त्याला केरेस हल्ला म्हणतात. ज्याचा हल्ला तो रोज करतो त्या माणसाची ओळख तरी त्याला असायला हवी.

१९७५ च्या सुरुवातीला टॅलिनची स्पर्धा त्याने जिंकली, स्पास्कीच्या पुढे. मग कॅनडात व्हँकुव्हरची जिंकली. परत येताना ५ जून १९७५ ला हेलसिंकीत हृदयविकाराने गेला. हेलसिंकी इथून समुद्रापलीकडे, बोटीने दोन तासांवर. वय एकोणसाठ. त्याच्या अंत्ययात्रेला लाखभर लोक लोटले होते असं सांगतात. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा पंधरा लाखांच्या आत. सोव्हिएत राजवटीत आपला म्हणून उघडपणे छातीशी धरावा असा हाच एक माणूस त्यांच्याकडे होता, असं मला इथल्या लोकांशी बोलून वाटतं. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी त्याला नोटेवर घेतला, २०१६ ला त्याच्या शंभरीला दोन युरोचं नाणंही काढलं.

आता दादासाठी. दहावीची काळजी रास्त आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण केरेससुद्धा तार्तू विद्यापीठात गणित शिकत शिकत जगातल्या मोठ्या स्पर्धा खेळला. परीक्षा होईपर्यंत सोन्याने स्पर्धांना जाऊ नये, कबूल. पण पट माळ्यावर नको. माझ्याशी टपालाचा डाव खेळू दे, दिवसाला एकच चाल, व्हॉट्सॲपवर. दहा मिनिटांचं काम, आणि विचार करायला पूर्ण दिवस. माझी पहिली चाल ई-४. त्याचं उत्तर येऊ दे. शिवाय कोल्हापुरात हरलेला तो एक डाव त्याने वहीत हाताने लिहून काढावा आणि कुठे काय वाटलं तेही चालीखाली लिहावं. तुम्ही तपासा, मग मला फोटो पाठवा.

परीक्षा संपली की मे महिन्यात त्याला घेऊन तुम्हीच सांगलीला जा. खानापुराहून मिरजेच्या गाडीने, तुम्ही तरुणपणी जायचात तसे. नूतन बुद्धिबळ मंडळ भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये काढलं, त्या वर्षी केरेस पंचवीस वर्षांचा होता. सांगलीत त्याला चार चांगले गडी भेटतील, आणि हरून हसत चहा प्यायला बसणारे लोकही भेटतील, ते त्याने बघायला हवं. प्रवासाचा आणि प्रवेशाचा खर्च माझ्याकडे, दादाशी यावर बोलू नका, तो ऐकणार नाही.

आईच्या गुडघ्याला नवीन डॉक्टरांचं औषध लागू पडलं का ते कळवा. काजूला यंदा मोहोर कसा आहे? धुकं पडत असेल तर फवारणीला उशीर नको. वहिनीला सांगा, मागच्या वेळी तिने मागितलेली लोकर घेतली आहे, गणपतीला येताना आणते. दादाला सांगा, मी रागावलेली नाही, पण उत्तर हवं आहे.

तुमची,
लेक