परवान्याला हद्द, बांगड्याला नाही

महोदय,

परराज्यातल्या ट्रॉलरवर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या यांत्रिक बोटींवर, कारवाई करा, ही मागणी दर हंगामात होते आणि ती रास्तच आहे. सिंधुदुर्गातला गिलनेटवाला (पाण्यात उभं जाळं लावून मासे अडकवणारा) संध्याकाळी जाळी मारून ठेवतो. पहाटे ओढायला जावं तर हाती लागतात तुटलेल्या बोया आणि जाळ्याची लक्तरं. पण सगळ्यांनाच एका मापाने मोजू नये. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा कायदा १९८१चा, २०२१मध्ये सुधारलेला. गोवा, कर्नाटकाचे आपापले वेगळे. बांगड्याचा थवा वेंगुर्ल्याहून खाली गोव्याकडे सरकताना कुणाला विचारत नाही, त्याच्यामागे गेलेल्या छोट्या होडीला मात्र दंडाची धास्ती. सीमेलगतच्या पट्ट्यात अशा लहान होड्यांचे परवाने शेजारी राज्यांनी परस्पर मान्य करावेत. ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांना (थव्याला जाळ्याने वेढून अख्खा पकडणाऱ्यांना) ही सवलत अजिबात नको. ते तसेही न बोलावता येतातच! यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलैची बंदी पश्चिम किनाऱ्यावर एकत्र ठरते, मग परवान्यांसाठी एकत्र बसायला काय हरकत आहे?

– एक मच्छीमार, मालवण